साहेब बसले की गरम

"सुखदेव, बंद पडला."

मागच्या सीटवरून आवाज आला तेव्हा आम्ही बोरगावच्या पुढे होतो. मे महिना, दुपारचे दोन, अन् अकोल्याचं ऊन. मी हात समोरच्या जाळीपुढे धरला. वारा जोरात येत होता, पण चुलीपुढे बसल्यावर तोंडाला लागतो तसा.

"हाव साहेब. गरम येऊन राहिला."

"सकाळी?"

"सकाळी थंड होता."

"कोण होतं गाडीत?"

"मी एकटाच. डिझेल भरायला गेलो होतो."

"आणि काल संध्याकाळी?"

"थंड. काकूंना बाजारात नेलं होतं. त्यांनी तर पदर अंगावर ओढून घेतला."

आरशात मला साहेबांचा चेहरा दिसत होता. कपाळावरून घामाची धार निघून मिशीत शिरत होती.

"म्हणजे मी नसलो की थंड, अन् मी बसलो की गरम."

"तसंच होऊन राहिलं साहेब."

"तसंच होऊन राहिलं म्हणे! गाडीला कळते का बे, कोण बसलं ते?"

मी म्हटलं, "काचा खाली करू का?"

"काचा? पुढं नाव लावलं आहे माझं! लोक काय म्हणतील, ताथोडाच्या गाडीत एसी नाही?"

झालं. काचा बंद, आत भट्टी, अन् आम्ही दोघं भाजत मूर्तिजापूरला एका बारशाला पोचलो. साहेब उतरले तेव्हा त्यांच्या सदऱ्याची पाठ पिळून काढण्यासारखी झाली होती.

या गोष्टीला आता पंधरा-सोळा वर्षं झाली. तेव्हा मी उत्तमराव ताथोडांच्या गाडीवर होतो. उत्तमराव म्हणजे जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन समितीचे सभापती. म्हणजे, होते. एक मुदत झाली, पुढच्या निवडणुकीत पडले, त्यालाही चार वर्षं होऊन गेली होती. पण जिल्ह्यातल्या सगळ्या गाई-म्हशी अजून आपल्यालाच विचारून दूध देतात, असा त्यांचा चेहरा असायचा. माणूस वाईट नव्हता. दिवाळीला कपडे द्यायचा, लेकरांची शाळा विचारायचा. फक्त त्याला कोणी नुसतं 'उत्तमराव' म्हटलेलं चालायचं नाही.

पद होतं तेव्हा गाडीवर एक वीतभर पाटी होती, 'सभापती' एवढंच लिहिलेली. पद गेलं अन् पाटी वाढायला लागली. आधी 'माजी' आलं, तेही बारीक अक्षरात, चष्मा लावल्याशिवाय दिसू नये असं. मग 'संस्थापक अध्यक्ष' आलं, मग 'मार्गदर्शक', मग 'आजीव सदस्य'. त्या वर्षीच्या गुढीपाडव्याला तर साहेबांनी नवा फलकच करून घेतला. पितळी, कडेला नक्षी, गाडीच्या तोंडाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत. त्यावर सात ओळी. काकूंनी, म्हणजे साहेबांच्या पत्नीने, त्याला हळदकुंकू लावलं, साहेबांनी नारळ फोडला, अन् मी चार नट आवळून तो गाडीपुढे बसवला.

त्या फलकाची एक शिस्त होती. पाडव्यानंतर दुसऱ्याच दिवशी मी फलकासकट गाडी घेऊन गिरणीवर गेलो होतो, काकूंचं दळण आणायला. साहेबांना ते कोणीतरी सांगितलं. असे तापले, असे तापले!

"माझं नाव लावून पीठ आणतोस? अं? उद्या माझ्या नावाने कडबा वाहशील!"

तेव्हापासून नियम ठरला. साहेब गाडीत बसले की फलक लावायचा, साहेब उतरले की काढायचा. काढून सत्काराच्या शालीत गुंडाळून डिक्कीत ठेवायचा. शालींना काही तोटा नव्हता, दोन कपाटं भरून होत्या. दिवसातून चार-चार वेळा मी ते नट आवळायचो अन् सैल करायचो. बायको म्हणायची, तुम्ही ड्रायव्हर आहात का पुजारी?

तर एसी. मी गाडी जब्बारभाईकडे नेली. जुन्या बसस्टँडमागे जब्बारभाईचं दुकान. गाडीच्या एसीत या माणसाचा हात धरणारा अकोल्यात दुसरा नव्हता. बोलणं कमी, काम जास्त. त्याने बोनेट उघडलं, दोन नळ्या लावल्या, त्यांच्या टोकाला दाब दाखवणारी निळं अन् लाल अशी दोन घड्याळं. लांब दांडीचा थर्मामीटर आत जाळीत खोचला. दहा मिनिटं दोन्ही घड्याळांकडे पाहत बिडी ओढली.

"गॅस बरोबर. कॉम्प्रेसर बरोबर. पंखा बरोबर. आठ डिग्री येऊन राहिले आत. भाजी ठेव यात, आठ दिवस टिकन."

"पण साहेब बसले की गरम होते जब्बारभाई."

"मग साहेबाले आण."

"साहेब गॅरेजमध्ये येत नसतात."

"मग पेशंट नाही, डॉक्टर काय पाहीन? मशीन तर ठणठणीत आहे."

मी तीनदा नेली गाडी. तिन्ही वेळा आठ डिग्री. दुसऱ्या वेळी साहेबांच्या समाधानासाठी त्याने गॅस काढून पुन्हा भरला. तिसऱ्या वेळी आतली जाळी धुतली, त्यातून दोन वाट्या धूळ अन् एक बडीशेपेची पुडी निघाली. पुडी साहेबांचीच होती. मी ती मुकाट्याने खिशात टाकली.

घरी तोवर वेगळेच इलाज सुरू झाले होते. काकूंनी गाडीची दृष्ट काढली. मीठ-मोहऱ्या एवढ्या ओवाळल्या की पुढच्या काचेवर खारट पांढरे डाग पडले, ते मला घासत बसावं लागलं. एका जाणकाराने पत्रिका पाहून सांगितलं, वाहनसुखाच्या घरात शनी आहे. साहेबांनी अंगठी घातली. शनीही घामाघूम झाला असेल, पण वारा काही गार झाला नाही.

मग साहेबांनी डोकं लावलं.

"सुखदेव, गाडी तीच, एसी तोच, रस्ता तोच. फरक एकच. मी असतो तेव्हा गरम. आणि मी असतो तेव्हा गाडी कोण चालवते?"

"मीच साहेब. पण तुम्ही नसता तेव्हाही मीच चालवतो."

"तेच म्हणतो मी. तुला एकट्याला थंड लागते. कोणाच्या सांगण्यावरून करतोस? त्या गावंडेने सांगितलं का तुले?"

गावंडे म्हणजे साहेबांना पाडून निवडून आलेला माणूस. त्याला मी जवळून कधी पाहिलंही नव्हतं. पण साहेबांच्या पोटात दुखलं तरी त्यांना त्यात गावंडे दिसायचा.

"देवाशप्पथ साहेब, मी काही करत नाही."

"शनिवारी अमरावतीला जायचं आहे. पक्षाचे निरीक्षक येऊन राहिले, तीन वाजता विश्रामगृहावर. तिकिटाचा विषय आहे. मी तिथं घामेजून उतरलो ना, तर ते म्हणतील, याला स्वतःची गाडी सांभाळता येत नाही, हा मतदारसंघ काय सांभाळणार? शनिवारी गरम वारा आला, तर रविवारी खोली खाली कर."

खोली म्हणजे बंगल्यामागची. दहा बाय बारा, वर पत्रा, पण आपली. म्हणजे साहेबांची, पण आम्ही राहायचो. बायको वच्छला, दोन लेकरं अन् मी. नोकरीबरोबर ती मिळाली होती, नोकरीबरोबर जाणार.

त्या संध्याकाळी वच्छलेला सांगितलं तर ती भाकरी थापता थापता थांबली.

"या उन्हात लेकरं घेऊन कोठी जायचं?"

"मलेही तेच समजून नाही राहिलं."

तिने भाकरी तव्यावर टाकली. मग हळूच म्हणाली, "तुम्ही खरंच काही करत नाही ना?"

घ्या! घरच्या बायकोचाही भरवसा उडाला होता. मी जेवलो नाही त्या दिवशी. रागाने नाही, ऊनच लागलं होतं, असं तिला सांगितलं.

शनिवार उजाडला. काकूंनी साहेबांच्या सदऱ्याला दोनदा खळ दिली होती, तो आपल्या आपण उभा राहिला असता एवढा कडक. अन् पोर्चमध्ये येऊन पाहतो तर पुढच्या सीटवर जब्बारभाई, पायाशी नळ्यांची पिशवी. साहेबांनीच फोन करून बोलावलं होतं.

"जब्बार, तू फक्त याच्यावर नजर ठेव. हात कोठी जाते, पाय कोठी जाते, सगळं पाह्य. तू माहितगार आहेस, तुझ्यापुढं लबाडी चालणार नाही."

जब्बारभाई पायाशी वाकून पिशवीतल्या नळ्या लावत बसला. साहेब मागे बसले. मी डिक्की उघडून शाल सोडली, फलक काढला, पुढे जाऊन चार नट आवळले अन् आम्ही निघालो.

शिवणीच्या पुढे वारा कोमट झाला. बोरगावला गरम. आरशात पाहायची माझी हिंमत होईना.

"पाहिलं जब्बार? झालं सुरू! काय केलं याने?"

"याचे दोन्ही हात स्टेअरिंगवर आहेत साहेब."

"मग पायाने केलं असेल."

"एक पाय ॲक्सिलेटरवर, दुसरा क्लचपाशी."

"मग गुडघ्याने! तू नीट पाह्य!"

जब्बारभाईने वाकून माझे गुडघेही पाहिले. मग तो कान देऊन ऐकत बसला. थोड्या वेळाने म्हणाला, "कॉम्प्रेसर टक करून बंद पडते, मंग चालू होते, मंग पुन्हा बंद. साहेब, पाच मिनिटं गाडी थांबवा. मले बोनेट उघडू द्या."

"तीनला पोचायचं आहे."

"अशानं पोचले तर सदरा पिळत पोचसान."

मूर्तिजापूरच्या अलीकडे एका ढाब्यासमोर कडुनिंबाखाली गाडी लावली. ढाब्यावर चार माणसं होती, म्हणून साहेब उतरले नाहीत अन् काचाही खाली केल्या नाहीत. आत बसून रुमालाने स्वतःला वारा घालत राहिले. इंजिन चालूच ठेवायला सांगितलं होतं.

जब्बारभाईने नळ्या लावल्या. मी शेजारी उभा. निळा काटा जागेवर होता. लाल काटा चढत गेला, चढत गेला, पार टोकाला जाऊन थरथरला, अन् टक! कॉम्प्रेसर बंद.

"हे माझ्या दुकानात नाही झालं कधी," जब्बारभाई म्हणाला. "सुखदेवभाऊ, एसी आतली गरमी घेते अन् गाडीच्या तोंडापाशी जी जाळी असते, तिच्यातून बाहेर टाकते. त्या जाळीले समोरून वारा लागला पायजे. वारा नाही लागला तर दाब वाढते, दाब वाढला की मशीन जीव वाचवाले आपोआप बंद होते. म्हणजे समोर काहीतरी..."

बोलत बोलत तो वळसा घालून गाडीपुढे गेला अन् थांबला. कमरेवर हात ठेवून फलकाकडे पाहत राहिला. मग त्याने तो वरून खालपर्यंत वाचला, ओठ हलवत, सातही ओळी. वेळ लागला.

"हे कधी लावलं?"

"पाडव्याले."

"माझ्याकडे गाडी आणली तेव्हा तर नव्हतं."

"डिक्कीत असते. साहेब उतरले की काढाव लागते ना."

"अन् साहेब बसले की?"

"लावाव लागते."

जब्बारभाई तिथेच उकिडवा बसला, डोकं दोन्ही हातांत धरलं, अन् त्याचे खांदे हलायला लागले. मला वाटलं याला ऊन लागलं. हसत होता तो. आवाज न करता, डोळ्यांतून पाणी येईस्तोवर. अन् मी? दीड-दोन महिने दिवसातून चार वेळा ते नट माझ्याच बोटांनी आवळले होते. मला थोबाडीत मारल्यासारखं झालं.

"काढ," तो म्हणाला.

मी वाकून चारही नट सोडले अन् फलक उचलला. लाल काटा खाली उतरायला लागला. टक! कॉम्प्रेसर सुरू झाला. एक मिनिट, दोन मिनिटं. अन् बंद काचेआडून आवाज आला, "आला! सुखदेव, आला रे, थंड आला!" लेकराला कुल्फी मिळाल्यावर होतो तसा आनंद. साहेबांनी काच चार बोटं खाली केली. "काय केलं रे?"

जब्बारभाई हलकेच म्हणाला, "सांग. खरं सांग."

फलक माझ्या दोन्ही हातांत होता. पितळ तापलं होतं, बोटं भाजत होती. साहेब, तुमच्या सात पदव्या गाडीच्या नाकात बसल्या म्हणून तुम्हाला घाम फुटतो, हे सांगायचं कसं? चार वर्षांपूर्वी पडलेल्या माणसाकडे तेवढा एक फलकच उरला होता. सांगितलं असतं तर ढाब्यापासूनच मला पायी घरी जावं लागलं असतं. माझ्या डोळ्यांपुढे वच्छला अन् ती दहा बाय बाराची खोली उभी राहिली. अन् मी तोंड उघडलं.

"साहेब, एक बोलू का? तुमचं नाव असं खाली, चाकापाशी बरं नाही दिसत. रस्त्याची धूळ उडते, किडे बसतात. कुत्रंही तिथंच येऊन पाय वर करते. मोठ्या माणसाचं नाव माथ्यावर पायजे. टपावर कॅरिअर आहेच. तिथं बांधतो."

साहेबांनी विचार केला. "कुत्रं?"

"कालच हाकललं साहेब."

"हे आधी काहून नाही सांगितलं? बांध वर. आणि एसीचं काय होतं?"

"एसीचं काय, जब्बारभाई आले अन् झाला ठीक."

साहेब खूश झाले. ढाब्यावरून दोर आणून मी फलक टपावर बांधला. जब्बारभाई नळ्या गुंडाळत माझ्या कानाशी म्हणाला, "चुकलास सुखदेवभाऊ. रोग मी सापडवला अन् तू लपवला."

"तुम्हाले खोली खाली करायची नाही जब्बारभाई."

"लपवलेला रोग जात नसते बाबू," एवढंच म्हणून तो पुढे जाऊन बसला.

अमरावतीपर्यंत गाडीत माघ महिना होता. साहेबांनी एकदा तर वारा कमी कर म्हटलं. विश्रामगृहावर पावणेतीनला पोचलो. साहेब खळ न मोडता उतरले, सदरा कागदासारखा वाजत होता. पाच मिनिटांनी परत आले. उन्हामुळे बैठक पुढे ढकलली होती. निरीक्षक नागपुरातून निघालेच नव्हते.

येताना साहेब थंड वाऱ्यात बसून विचार करत होते. साहेब विचार करायला लागले की मला भीती वाटायची. जब्बारभाई बसस्टँडवर उतरला. बंगल्यात गाडी लावली अन् साहेब म्हणाले, "सुखदेव, खरं सांग. ढाब्यावर मी काचेतून पाहत होतो. तू गाडीपुढं वाकला होतास. तुझे हात खाली होते. तू तिथं काहीतरी काढलंस."

"हाव साहेब, पण..."

"काढलंस की नाही?"

"काढलं."

"आणि काढल्याबरोबर थंड वारा आला. हो की नाही?"

"आला."

"आणि ते तिथं लावलं कोणी होतं?"

"मीच."

"बस! कबूल केलंस. जब्बारच्या धाकाने काढलंस, नाहीतर आज मी भाजलो असतो. चावी ठेव."

मला सांगायचं होतं, की साहेब, जे लावलं ते तुमचंच नाव होतं हो! पण ते सांगायची वेळ ढाब्यावर होती. आता सांगितलं असतं तर चोर पकडल्यावर बहाणे करतो तसं झालं असतं. साहेबांनी हात पुढे केला होता. मी चावी दिली.

मग मी टपावर चढून दोर सोडला, फलक खाली आणला, शालीत गुंडाळला. अन् माझ्या मनात असं काही आलं, ते आजही सांगताना मला लाज वाटते अन् थोडं हसूही येतं.

"साहेब, जाता जाता एक सांगतो. टपावर फलक उंच पडते, खालून कोणाले वाचता येत नाही. समोरच शोभते तो. नव्या माणसाले सांगा, चारही नट घट्ट आवळायचे."

"मी तेच म्हणणार होतो," साहेब म्हणाले. "जागा तीच बरोबर होती."

रविवारी आम्ही खोली खाली केली. वच्छला लेकरांना घेऊन माहेरी गेली अन् मी जब्बारभाईच्या दुकानात कामाला लागलो. रोज दुपारी ऊन तापलं की मला बंद काचांआड भाजणारे साहेब आठवायचे, अन् ऊनही बरं वाटायचं.

पंधरा दिवस असेच गेले. मग एका सकाळी तीच पांढरी गाडी दुकानापुढे येऊन थांबली. चाळिशीचा एक माणूस उतरला. मनोहर दांदळे त्याचं नाव, साहेबांच्या गावाकडचा. घामाने डबडबलेला, डोळे लाल.

"भाऊ, एसी पाहा ना. साहेब नसले की थंड असते. साहेब बसले की गरम. साहेब म्हणतात, मीच काही करतो. परवापर्यंत ठीक नाही झालं तर खोली खाली कर म्हणाले. बायको अन् दोन पोरी आहेत भाऊ माह्या."

जब्बारभाईने माझ्याकडे पाहिलं. मी साहेबांना भाजायला ठेवलं होतं, अन् भाजून राहिला होता हा. त्याच खोलीत, त्याच पत्र्याखाली.

जब्बारभाई म्हणाला, "आता कोणती खोली वाचवायची आहे तुले?"

मी मनोहरच्या गाडीत बसलो अन् सरळ बंगल्यावर गेलो. साहेब व्हरांड्यात कुलरपुढे बसले होते. मला पाहून भुवया वर गेल्या. मी बसलो नाही, पाणी घेतलं नाही. फलक डिक्कीतून काढला, गाडीपुढे लावला, इंजिन चालू केलं, साहेबांना आत बसवलं. दहा मिनिटांत वारा गरम. मग फलक काढला. दोन मिनिटांत वारा थंड. पुन्हा लावला, गरम. पुन्हा काढला, थंड.

"मनोहरचे हात पाहा साहेब. तो तिकडे आंब्याखाली उभा आहे. एसी बंद पाडते तो तुमचा फलक. वाऱ्याची वाट अडवते."

साहेब म्हणाले, "हे तेव्हा का नाही सांगितलं?"

"तेव्हा मले तुमची भीती वाटत होती."

"म्हणजे मनोहरचा काही दोष नाही."

"नाही."

"आणि तुझाही नव्हता."

"नव्हता साहेब."

"हं," साहेब म्हणाले. मी उभा राहिलो. म्हटलं, आता काहीतरी बोलतील. चुकलं म्हणतील, ये परत म्हणतील, निदान चहा घे म्हणतील. साहेब गाडीतून उतरले, फलकाजवळ गेले, धोतराच्या सोग्याने त्यावरचा डाग पुसला. मग दोन पावलं मागे जाऊन गाडीकडे पाहिलं.

"म्हणजे दोष गाडीत आहे," ते म्हणाले. "एवढं नाव हिला पेलत नाही."

पोळ्याच्या आत त्यांनी नवी गाडी घेतली, जुनीपेक्षा रुंद. तिच्या मापाने फलकही नवा करून घेतला, नऊ ओळींचा. दोष गाडीचा ठरला म्हणून मनोहरची खोली राहिली. तो अजून तिथंच आहे. दर एप्रिलला गाडी घेऊन आमच्याकडे येतो, साहेब नसतात, फलक डिक्कीत शालीत असतो. मी थर्मामीटर खोचतो, आठ डिग्री येतात, अन् आम्ही दोघं चहा पितो.